पिंजणाआडचा खोकला

रिकाम्या मशीनचा आवाज गादीवाल्या काकांना झोपेतही ओळखू आला असता. पोटात कापूस असला की मशीन तोंडात घास असलेल्या माणसासारखं बोलतं, दबकं, जाडसर, तृप्त. पोट रिकामं असलं की तेच मशीन कराकरा दात खातं. त्या दिवशी दुपारची जेवणं उरकून काका दुकानाच्या पुढच्या भागात उशीच्या खोळीला टाके घालत बसले होते, आणि आतल्या खोलीत मशीन दात खात होतं.

"सूनबाई, कापूस घाल गं त्यात!" काका बसल्या जागेवरून ओरडले. "हवा पिंजून गाद्या भरायच्यात का आपल्याला?"

मशीन दात खातच राहिलं. काकांनी दाभण खोळीत टोचून ठेवला आणि गुडघ्यांवर हात देत ते उठले.

पिंजायची खोली म्हणजे त्या घराचं पोट. तिला एकच खिडकी, आणि तीही कायम बंद. हा धंद्याचा नियमच. वारा आत शिरला की पिंजलेला कापूस उठतो, घरभर होतो, मग गल्लीभर होतो, आणि शेजारीण पांढरे झालेले ओले कपडे हातात घेऊन भांडायला दारात उभी राहते. काकांचे वडील म्हणायचे, "खिडकी उघडली की धंदा उडाला." म्हणून त्या खोलीत दिवसाही दिवा, आणि दिव्याच्या उजेडात तरंगणारे बारीक तंतू. खाली बसायला त्यांना जणू जागाच मिळत नव्हती.

सून कापसाच्या ढिगावर ओणवी झाली होती. तोंड ढिगात खुपसलेलं. खांदे उडत होते. शेजारी मशीन रिकामं फिरत होतं आणि भिंतीवर टांगलेल्या जुन्या पिंजणाची तात त्या धडधडीने थरथरत होती. ते पिंजण काकांच्या वडिलांचं, धनुष्यासारखं, पुरुषभर लांब. मशीन आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

काकांची चाहूल लागताच सुनेने मान वर केली. ओठांना कापूस चिकटला होता. हातातला एक बोळा तिने घाईघाईने कमरेला खोचला. बोळ्याला काय लागलं होतं ते काकांनी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"मशीन गरम करत होते, बाबा," ती म्हणाली.

"मशीन म्हणजे काय चूल आहे?"

ती हसली. हसता हसता पुन्हा खोकला आला, आणि तिने सवयीने मान ढिगाकडे वळवली.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"काय?"

"हे. खोकला आला की मशीन लावायचं."

"कोण शिकवणार, बाबा? पुढे गिऱ्हाईक असतं. आवाज जायला नको म्हणून..." तिने खांदे उडवले. "आपोआप सुचलं."

काकांनी मशीन बंद केलं. तात मात्र थरथरतच राहिली, म्हणून त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. कितीतरी वर्षांनी ठेवला. तात गरम होती, जिवंत जनावरासारखी, आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला.

आता त्या तातेला ते एवढे का भ्यायले, हे सांगायचं तर गोष्ट थोडी मागे न्यावी लागेल.

काकांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. थोरल्या बहिणीला, अक्काला, दुखणं जडलं. दुखण्याचं नाव घरात कोणी घेत नसे. "तिला ते झालंय," एवढंच म्हणायचे, तेही भिंतीकडे तोंड करून. ज्या घरात ते आहे त्या घरची गादी कोण घेणार, ज्या घरातली लेक तशी आहे त्या घरची दुसरी लेक कोण करणार? वडिलांनी अक्काचं अंथरूण पिंजायच्या खोलीवरच्या माळ्यावर घातलं, कापसाच्या गठ्ठ्यांच्या मागे. माळ्याच्या झरोक्याला खिळे मारले. शिडी लावूनच वर जाता येई, आणि दुकानात माणूस आलं की शिडी काढून भिंतीला आडवी ठेवायची. विचारलंच कोणी तर अक्का मावशीकडे गेली आहे.

पण खोकल्याला मावशीकडे कसं पाठवणार? ते काम धाकट्या भावाकडे आलं. खोकला येतोय असं वाटलं की अक्का माळ्याच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करायची, आणि खाली हा पोरगा पिंजण उचलून लाकडी ठोकळ्याने तात छेडायचा. टँव, टँव, टँव. पुढे बसलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "पोरगा कष्टाळू आहे हो तुमचा!" वडील मान खाली घालून म्हणायचे, "देवाची कृपा."

गिऱ्हाईक गेलं की फळीच्या फटीतून अक्काचा आवाज यायचा. "काय रे, आज दोन गाद्या होतील एवढं खोकले मी. निम्मी मजुरी माझी, सांग बाबांना." आणि फटीतून दोन बोटं खाली यायची. भाऊ उडी मारून त्या बोटांना आपलं बोट लावायचा.

एक दिवस कुठल्याशा लग्नघरची मंडळी आली. कापड बघितलं, कापूस बघितला, बसली, गप्पा रंगल्या. वरून टकटक झाली. पोराने पिंजायला घेतलं. थोडं थांबलं की पुन्हा टकटक, पुन्हा पिंजण. त्या दिवशी टकटक थांबेचना आणि पोराचा हात थांबेना. मग वरून आवाज यायचा थांबला. पोराला बरं वाटलं, दंड भरून आला होता. मंडळी गेल्यावर वडिलांनी शिडी लावली, आई वर गेली, आणि वरून तिच्या तोंडून जो सूर निघाला त्यावर पिंजण छेडायला कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतर काका मोठे झाले, बाप झाले, आजोबा झाले. एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून कधी उतरली नाही. ती शेवटची टकटक कशाची होती? खोकल्याची, की पाण्याची, की आणखी कशाची? दोघांमध्ये एकच खूण ठरली होती. दुसरी ठरवायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

काका भाविक माणूस. देवाचं गाणं आणि देवाची गोष्ट एकत्र सांगणारा कोणी कथेकरी गावात आला की मागच्या रांगेत त्यांची जागा ठरलेली. पण एकदा एका कथेकऱ्याने गाता गाता थांबून सांगितलं, "देव गाणं ऐकत नाही, बाबांनो. दोन ओळींच्या मधला तुमचा श्वास ऐकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांना त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत फळी वाजलेली ऐकू आली. ते उठून बाहेर आले, आणि पुढे कितीतरी दिवस कथेला गेले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी काकूंजवळ विषय काढला. काकू नातीला भरवत होत्या.

"सूनबाईचा खोकला ऐकलास?"

"कापसाचा आहे," काकू म्हणाल्या. "या घरात कोण खोकत नाही? तुम्ही खोकता, मी खोकते, भिंतीसुद्धा खोकत असतील."

"तो कापसाचा नाही."

काकूंचा हात थांबला. नातीने घास घ्यायला आ केलेला तसाच राहिला. "जिभेला काही हाड?" काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "आपला पोरगा तिकडे गावोगाव गाद्या विकत फिरतोय बायकोच्या भरवशावर. तिच्या माहेरी धाकटीचं जमत आलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून तुम्हाला काय दाखवायचंय त्यात?"

नात काकूंच्या मांडीवरून उतरली, कोपऱ्यातल्या गाठोड्याजवळ गेली, मूठभर कापूस काढून तिने तोंडावर धरला आणि त्यात खोटं खोटं खोकली. मग मोठ्या माणसासारखं इकडेतिकडे पाहून तो बोळा कमरेला खोचू लागली. कमरेला काही थांबेना, तेव्हा तिने तो आजोबांच्या हातात आणून दिला.

काकांनी तो घेतला. कोरडा, पांढरा, हलका. हातात निखारा धरावा तसा त्यांनी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाच्या टपरीवर गेले. चहासाठी गेले असं घरी सांगितलं. खरं म्हणजे त्या टपरीपाशी गोळीवाली बाई येते हे त्यांना ठाऊक होतं, आणि आजवर ती आली की ते उठून जात, हेही टपरीवाल्याला ठाऊक होतं. बाई सरकारी दवाखान्यातली. खांद्याला पिशवी, पायात धुळीच्या चपला, आणि आवाज असा की भाजी विकली असती तर बाजार बसवला असता.

"दोन आठवड्यांच्या वर खोकला कोणाला? टीबीची तपासणी फुकट, औषध फुकट! लाजून मरू नका, औषध घेऊन जगा!"

"हळू बोला हो बाई," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"का? त्याला जाग येईल?" बाई हसली. "काका, हळू बोलून बोलूनच तो एवढा माजलाय."

चहावाल्याने पातेल्यावरून मान वर केली. "मी घेतली की गोळ्या. सगळ्यांसमोर, इथे उभा राहून. आता बघा, बैल झालोय."

"बैल तू आधीपासूनच होतास," बाकावरचा न्हावी म्हणाला, "फक्त खंगलेला होतास."

सगळे हसले. न्हाव्याच्या हातात मात्र घरून आणलेला स्वतःचा पेला होता. काकांनी तिकडे पाहिलेलं चहावाल्याच्या ध्यानात आलं.

"असू दे," तो म्हणाला. "निम्मी माणसं परत आली. निम्मी समोरच्या टपरीवर गेली ती गेलीच. पण समोरच्याचा चहा असा आहे काका, की त्यांना वेगळी शिक्षा करायला नको."

काकांनी कप हातात फिरवला. चहा संपला होता तरी फिरवत राहिले. मग गोळीवाल्या बाईकडे न बघता म्हणाले, "माझ्या एका ओळखीच्या माणसाच्या सुनेला..."

बाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "ओळखीच्या माणसाला सांगा, सुनेला घेऊन या. लेकरू असेल तर त्यालाही. आणि त्या माणसालाही सोबत आणा."

"नाही आणलं तर?"

"काका, तुम्ही एवढ्या वयाचे आहात. नाही आणलं तर काय होतं, ते तुम्ही मला सांगा."

काका घरी आले आणि सुनेशी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले. "बाबा, धाकटीचं जमेपर्यंत थांबा. तिकडची माणसं चौकशा करतायत. माझं नाव निघालं तर तिचं मोडेल. एवढं होऊ दे, मग कुठे म्हणाल तिथे येते."

"आणि तोवर?"

"तोवर दम धरते," ती म्हणाली. तिला दमच लागत होता आणि ती दम धरते म्हणाली. दोघांच्याही ते लक्षात आलं. हसलं कोणीच नाही.

तो दिवस गेला, आणखी काही दिवस गेले. काका रोज टपरीपर्यंत जात आणि रोज एकटेच परत येत. घरात मशीन सारखं रिकामं वाजू लागलं. आधी काकांच्या कानांनाच ते कळायचं. मग शेजारीण विचारून गेली, "वीज फार स्वस्त झाली का हो तुमच्याकडे?"

आणि मग लग्नघरची बाई आली.

येणार हे आधी कळलं होतं. मुलीच्या लग्नासाठी गाद्या, उशा, तक्के, सगळंच नवं करायचं होतं. काका सकाळी शिवणाचा दोरा आणायला बाजारात गेले होते. परत आले तेव्हा आई आणि मुलगी दुकानात बसल्या होत्या, काकू कापडाचं ठाण उलगडून दाखवत होत्या. आत मशीन चालू होतं, रिकामं.

"सूनबाई कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"माहेरी गेलीय चार दिवस," काकू ठाणावरून मान वर न करता म्हणाल्या. "बहिणीचं जमतंय ना."

सकाळी घरात असलेली सून बाजारात जाऊन येईपर्यंत माहेरी कशी पोचली? काकांनी पडद्याआड डोकावलं. मशीनपाशी कोणी नव्हतं. शिडी भिंतीला आडवी ठेवलेली होती.

काकू मागोमाग आल्या. "एवढी बाई जाईपर्यंत," त्या कानाशी लागून म्हणाल्या. "तिनेच कबूल केलं, आपल्या पायाने चढली. लेकरू शेजारणीकडे आहे. जा, मुलीला कापूस दाखवा."

काका पुढे आले. लग्नघरच्या मुलीच्या हातात त्यांनी कापसाचा नमुना ठेवला. "बघ बेटा, किती मऊ आहे," असं म्हणाले बहुतेक. मशीन दात खात होतं. मुलीची आई विचारत होती की गादी किती वर्षं टिकेल, मध्ये खड्डा पडणार नाही ना. काका म्हणत होते, "छे, छे, आमच्या गादीला खड्डा? तुमच्या नातवंडांची लग्नं होतील हिच्यावर..." आणि मशीनच्या त्या आवाजाखालून, अगदी तळातून, त्यांना ते ऐकू आलं.

टक, टक.

काकांना वाटलं, नेहमीचंच आहे. इतक्या वर्षांत ते कुठे कुठे ऐकलं नव्हतं? ते पुढे बोलू लागले.

टक. टक, टक.

काकूंनी चटकन काकांकडे पाहिलं. म्हणजे काकूंनाही ऐकू आलं होतं.

काका उठले. आत गेले. मशीनच्या बटणापर्यंतची वाट तीन माणसं झोपतील एवढीही नव्हती, पण त्यांना ती संपता संपेना. दंड भरून आला होता, काहीही न उचलता. त्यांनी बटण दाबलं. मशीनची चाकं गरगरत, कुरकुरत मंद झाली आणि थांबली.

मग घरात फक्त खोकला उरला. वरून येत होता, गठ्ठ्यांच्या मागून, ओला आणि खोल. मध्येच श्वासासाठी थांबत होता आणि श्वास न मिळताच पुन्हा सुरू होत होता. त्याला झाकायला काहीही नव्हतं. पुढच्या खोलीत बसलेल्या दोघी, उंबऱ्यावर आलेली शेजारीण, रस्त्यावर थबकलेला कोणी, सगळ्यांनी तो ऐकला.

"अक्का!" काका ओरडले. "आलो! आलो गं!"

शिडी उचलताना ती त्यांच्या हातून एकदा निसटली. दुसऱ्यांदा लागली.

"वर कोण आहे?" लग्नघरची बाई पडद्याशी उभी राहून विचारत होती.

काकूंनी तोंड उघडलं, पण काका आधी बोलले. "माझी सून आहे. तिला टीबी झालाय बहुतेक. आम्ही लपवला."

बाईने नाकाला रुमाल लावला. "आणि अशा घरातल्या गाद्या माझ्या मुलीच्या अंगाखाली घालणार होतात? देवाला तरी भ्यायचं होतं!" ती मुलीचा हात धरून निघाली. तिचा राग खोटा नव्हता. काकांना तो पटलाच. मुलगी मात्र दारात अडली. हातात अजून कापसाचा नमुना होता. "आई, थांब ना जरा," ती म्हणाली, आणि मग काकूंना, "आधी तिला पाणी तरी द्या."

काका वर पोचले. मशीन आल्यापासून ते माळ्यावर कधी चढले नव्हते. गठ्ठे वर-खाली करायचं काम मुलाचं. सून गुडघे छातीशी घेऊन फळ्यांवर बसली होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले. बोटाचं पेर सोललेलं.

"गेल्या त्या?" तिने विचारलं.

"गेल्या." काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग जे विचारायला आयुष्य गेलं ते त्यांनी विचारलं. "टकटक कशाला केलीस गं? खोकला यायला लागला म्हणून?"

"नाही, बाबा."

"पाणी हवं होतं?"

तिने मान हलवली. "खाली यायचं होतं," ती म्हणाली. "मला खाली यायचं होतं फक्त."

काका त्या फळ्यांवर बसून राहिले. खालून काकूंनी पाण्याचा तांब्या वर धरला होता, तो घ्यायलाही त्यांचा हात लवकर पुढे झाला नाही.

दवाखान्यात त्यांनी सगळ्यांना नेलं. काकू आधी येईनात, मग नातीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या आणि वाटेत भेटेल त्याला आपणच सांगू लागल्या, "हो, तपासायला चाललोय, तुम्हीही या." भीती एकदा पाय मोडून बसली की काही माणसांचा आवाज असा वाढतो. सुनेला क्षय निघाला. नातीला निघाला नाही, पण तिलाही गोळ्या दिल्या, होऊ नये म्हणून.

गोळीवाली बाई बाहेरच्या व्हरांड्यात औषधं समजावून देत होती. रोजच्या गोळ्या, तोंडावर रुमाल, मोकळी हवा. सगळं सांगून झाल्यावर काका तिथेच रेंगाळले.

"एक विचारायचं होतं. गादीतून... कापसातून जातो का हो हा? समजा कोणी कापसावर खोकलं, आणि त्या कापसाची गादी कोणाकडे गेली..."

"गादीने नाही होत, काका. हवेने होतो. बंद खोलीत माणूस खोकत राहिला आणि दुसरा तिथे तासन्‌तास बसला, की त्याला होतो. खिडकी उघडी ठेवा, म्हणजे निम्मं औषध तेच."

काकांनी डोळे मिटले. तरुणपणापासून ते गावातल्या गल्ल्यांतून फिरताना, जिथे जिथे त्यांच्या घरची गादी गेली होती त्या घरांच्या दारांत कान देत आले होते, आत कोणी खोकतंय का ते. आता ती सगळी घरं एकदम सुटली. सुटली, आणि एकच घर उरलं. आई. अक्काचं अंथरूण करायला, तिला भरवायला, तिची वेणी घालायला माळ्यावर बसून राहणारी आई. अक्कामागून तीही गेली होती. "लेकीच्या दुःखाने खंगली," असं सगळे म्हणाले होते. काकाही तेच म्हणत आले होते, कालपर्यंत.

"काय झालं, काका?" बाईने विचारलं.

"काही नाही. खिळे उपटायचे आहेत," काका म्हणाले, आणि तिला काहीच कळलं नाही.

मुलगा परत आला तो संतापला, रडला, "मला परक्यासारखं ठेवलंत," म्हणाला, आणि मग आजोबांच्या वेळचा झरोका आणि पिंजायच्या खोलीची खिडकी दोन्ही त्याने एका दुपारी मोकळी केली. वारा आला. कापूस उडाला. सगळी गल्ली पांढरी झाली, शेजारीण ओले कपडे घेऊन भांडायला आली आणि भांडता भांडता सुनेची चौकशीही करून गेली. मशीन परसात न्यावं लागलं. आडोसा कितीही केला तरी निम्मा दिवस वाऱ्याच्या मर्जीवर जाऊ लागला.

प्रश्न राहिला सुनेच्या अंथरुणाचा. हवा होती माळ्यावर, झरोका उघडल्यापासून तिथे झकास वारा खेळत होता. मुलाने तसं सुचवलं. सून म्हणाली, "वर नाही." काका म्हणाले, "वर नाही." दोघं एकदमच म्हणाले. हवा होती ती फक्त पुढे, दुकानात, रस्त्याच्या तोंडावर, जिथे गिऱ्हाइकाला दाखवायची गादी अंथरलेली असायची.

तिथे सून निजली. गादीवाल्याच्या दुकानात दाखवायच्या गादीवर आजारी बाई! न्हाव्याने बातमी गावभर केली. गिऱ्हाईक तुटलं, खोटं कशाला बोला. काही जण रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. काही थांबून विचारू लागले, "आज कसं वाटतंय?" चहावाला येताना कप आणी, आणि गोळी घेताना समोर उभा राहून म्हणे, "घ्या वहिनी, बैल व्हायचंय." तिच्या बहिणीचं जमलेलं मोडलं नाही, पण पुढेही सरकलं नाही, ती धाकटी मात्र स्वतःच पिशवी घेऊन आली आणि बहिणीच्या उशाशी बसली. ती घरी गेली की काका बसत.

अशाच एका दुपारी काका खोळीला टाके घालत होते. सुनेला खोकल्याची उबळ आली. रुमालात ती पुरती खोकली, रस्त्यासमोर, आणि उबळ गेल्यावर उशीला टेकून बराच वेळ श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "बाबा, अक्का कोण?"

दाभण थांबला.

"त्या दिवशी शिडी लावताना तुम्ही मला अक्का म्हणालात."

"माझी बहीण. थोरली." काकांनी आवाज हळू केला नाही. "तिला क्षय होता. तिथे वर ठेवली होती आम्ही. वरच गेली." आणि मग त्यांनी तिचं नाव घेतलं, पाळण्यातलं. ते घेताना जीभ अडखळली, नवं दार पहिल्यांदा उघडताना अडतं तशी.

सुनेने ते नाव स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. "छान आहे. कशा दिसायच्या त्या?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं. तिचा आवाज होता, लख्ख, फटीतून येणारा. तिची थट्टा होती. दोन बोटं होती, त्यांची नखं होती, करंगळीजवळचा तीळसुद्धा होता. त्या बोटांच्या वर ते जाऊ पाहत होते, आणि वर फळी होती.

"थांब," ते म्हणाले. "सांगतो."

सून थांबली. रस्त्यावरून माणसं जात होती. काकांनी दाभण खाली ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे ते निरखून पाहू लागले, कोणाचे डोळे, कोणाची हनुवटी कुठे जुळतेय का ते.